ताण आला की वेदना कुठे जाते? (आणि माझा कंट्रोल ग्रुप का फसला)

मागच्या महिन्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी लॅबमध्ये आली होती. पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करतेय. तिने विचारलं, "ताई, आमच्या घरी आजी म्हणते की टेन्शन घेतलं की गुडघे जास्त दुखतात. आणि पुस्तकात लिहिलंय की ताणामुळे वेदना कमी होते. यातलं खरं काय?"

मी म्हटलं, दोन्ही. तिला वाटलं मी उत्तर टाळतेय. खरं तर याच प्रश्नाने मला पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी चांगलंच रडवलंय, त्यामुळे टाळायचा प्रश्नच नव्हता. तिला त्या दिवशी जे घाईघाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून काढते.

आधी माझं मनगट

एम.एस्सी.ला असताना पावसात माझी स्कूटर घसरली. मी उठले, स्कूटर उभी केली, आरसा फुटला म्हणून हळहळले आणि तशीच कॉलेजला जाऊन प्रॅक्टिकलची जर्नल सबमिट केली. साधारण तासाभराने कॅन्टीनमध्ये चहाचा कप उचलायला गेले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मनगट टम्म सुजलं होतं. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं. आई एकच वाक्य सारखं म्हणत होती, "एवढं हाड मोडलं आणि तुला कळलं नाही?"

खरंच कळलं नव्हतं. हाड तर रस्त्यावर पडतानाच मोडलं होतं, इजेचा संदेशही मनगटातून निघाला असणार. मग तो तासभर कुठे होता?

याला ताणजन्य वेदनाशमन म्हणतात. म्हणजे बाहेरून कुठलंही औषध न घेता, तीव्र ताणामुळे शरीराने स्वतःच वेदना दाबणं.

रणांगणावरची नोंद

या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक रिव्ह्यूमध्ये हेन्री बीचर हे नाव येतंच. हे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर ते सैन्यासोबत होते. १९४६ मध्ये त्यांनी २१५ गंभीर जखमी सैनिकांची माहिती प्रसिद्ध केली. मोडलेली हाडं, पोटात-छातीत घुसलेल्या गोळ्या, अशा जखमा. पण वेदनाशामक हवंय का असं विचारल्यावर 'हो' म्हणणारे सैनिक साधारण चौघांत एक एवढेच होते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी तुलना केली, तर तिथे चौघांपैकी तिघांहून जास्त जणांना वेदनाशामक हवं होतं.

बीचर यांचं स्पष्टीकरण असं की वेदना जखमेच्या आकारावर नाही, तर जखमेच्या अर्थावर ठरते. सैनिकासाठी जखम म्हणजे युद्धातून सुटका, नागरिकासाठी शस्त्रक्रिया म्हणजे संकट. कल्पना सुंदर आहे. पण संशोधनाच्या दृष्टीने बघा: ही निरीक्षणं आहेत, यंत्रणा नाही. 'अर्थ' बदलला म्हणजे मेंदूत नेमकं काय बदललं, हे यातून कळत नाही. मुलाखतीत बीचर यांचं नाव घेतलंत तर हा फरकही सांगा, समोरच्याला बरं वाटतं.

वरून खाली येणारी तार

शाळेत आपण शिकतो की वेदनेचा संदेश त्वचेतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. खालून वर. पण उलट दिशेनेही वाहतूक असते, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्की बसलेली नसते.

१९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूत एक 'दार' असतं आणि ते कमी-जास्त उघडतं असा सिद्धांत मांडला. मग १९६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतल्या एका भागाला विजेची सौम्य उत्तेजना दिली आणि भूल न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. हा भाग म्हणजे पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे, थोडक्यात पीएजी. मेंदूतला द्रव वाहून नेणाऱ्या एका बारीक नळीभोवती हा करड्या पेशींचा वेढा असतो.

रस्ता साधारण असा आहे. भीती आणि धोका ओळखणारा अमिग्डाला, तसंच हायपोथॅलॅमस, पीएजीला खबर देतात. पीएजी खाली मेड्युलातल्या आरव्हीएम या भागाला कळवतो. आरव्हीएममधून तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात, म्हणजे जिथे वेदनेचा संदेश पहिल्यांदा पोचतो तिथे जातात आणि तो संदेश तिथेच अडवतात. या उतरत्या वाटेवर सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही काम करतात.

आरव्हीएममध्ये दोन प्रकारच्या पेशी लक्षात ठेवा. उंदराची शेपटी गरम झाल्यावर तो ती झटकतो. झटकायच्या अगदी आधी 'ऑन' पेशी एकदम पेटतात आणि 'ऑफ' पेशी गप्प होतात. ऑफ पेशी चालू असेपर्यंत वेदना दाबलेली राहते. मॉर्फिन दिलं की ऑफ पेशी गप्प होतच नाहीत. हे दोन शब्द खाली परत लागणार आहेत.

अफू मेंदूतच तयार होते?

१९७३ मध्ये मेंदूत अफूवर्गीय पदार्थांचे रिसेप्टर सापडले. मग साहजिक प्रश्न आला: खसखशीच्या बोंडातल्या रसासाठी मेंदूने कुलूप कशाला बनवून ठेवलं असेल? म्हणजे किल्ली घरातच असणार. १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ती किल्ली वेगळी केली. तिचं नाव एन्केफलिन.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतात, मीही अडखळले होते. ओपिऑइड पदार्थ तर चेतापेशींना शांत करतात. मग पीएजी शांत झाल्यावर उतरती तार चालू कशी होईल? ती बंद नको का व्हायला?

उत्तर आहे दुहेरी ब्रेक. पीएजीमधल्या खाली संदेश पाठवणाऱ्या पेशींना 'गाबा' सोडणाऱ्या पेशींनी सतत दाबून ठेवलेलं असतं. ओपिऑइड या गाबा पेशींना गप्प करतं. ब्रेकवरचा पाय निघतो आणि गाडी सुटते. दाबणाऱ्याला दाबलं की काम सुरू होतं. वहीत स्वतःच्या हाताने ही आकृती एकदा काढा, नुसतं वाचून ती राहत नाही.

नालोक्सोनची परीक्षा

ताणामुळे होणारं वेदनाशमन ओपिऑइडमुळेच होतं का, हे तपासायचं कसं? सोपा उपाय म्हणजे नालोक्सोन. हे औषध ओपिऑइड रिसेप्टर अडवून बसतं. नालोक्सोन दिल्यावर वेदनाशमन नाहीसं झालं तर यंत्रणा ओपिऑइडची, टिकलं तर दुसरी कुठली तरी.

१९८० मध्ये लुईस, कॅनन आणि लिबेस्किंड यांनी 'सायन्स'मध्ये जो प्रयोग छापला, तो मला आजही आवडतो. उंदरांच्या पायांना शॉक द्यायचे. एका गटाला ३ मिनिटं सलग, दुसऱ्या गटाला ३० मिनिटं थांबून थांबून. दोन्ही गटांत चांगलं वेदनाशमन झालं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण नालोक्सोन दिल्यावर ३० मिनिटांच्या गटातलं वेदनाशमन गेलं आणि ३ मिनिटांच्या गटातलं तसंच राहिलं.

म्हणजे शॉक त्याच पायांना, परिणाम तोच, आणि आतलं रसायन वेगळं. केवळ ताण किती वेळ आणि कसा दिला यावर ते ठरलं. तुमच्या प्रस्तावात 'स्ट्रेस दिला' एवढंच लिहून चालत नाही, ते का, हे इथे समजतं.

आता त्या दुसऱ्या प्रकाराला नाव पडलं 'नॉन-ओपिऑइड'. जरा थांबून या नावाकडे बघा. हे नाव ती गोष्ट काय नाही एवढंच सांगतं. हिस्टामाइन, ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर असे वेगवेगळे उमेदवार पुढे आले. मग २००५ मध्ये 'नेचर'मध्ये होहमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला आणि एक ठोस नाव मिळालं: एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे मेंदूने स्वतः बनवलेले, गांजातल्या घटकासारखं काम करणारे पदार्थ.

त्यांनी पुरावा कसा उभा केला ते बघा, कारण हे कुठल्याही विषयात उपयोगी पडेल.

१. अडवून बघितलं. सीबी१ रिसेप्टर अडवणारं औषध दिल्यावर ३ मिनिटांच्या सलग शॉकने येणारं वेदनाशमन जवळजवळ गेलं.

२. मोजून बघितलं. शॉकनंतर पीएजीमध्ये आधी २-एजी आणि मग आनंदमाइड वाढलेलं दिसलं. (आनंदमाइड हे नाव संस्कृत 'आनंद'वरूनच ठेवलंय, बरं का.)

३. वाढवून बघितलं. हे पदार्थ मोडणाऱ्या एन्झाइमना रोखलं, तर वेदनाशमन वाढलं.

४. सवय लावून बघितली. ज्या उंदरांना कॅनाबिनॉइड औषधाची सवय झाली होती, त्यांच्यात ताणाचं वेदनाशमन कमी झालं. मॉर्फिनची सवय झालेल्यांत तसं झालं नाही.

यातला एकच पुरावा असता तर शंका घेता आली असती. औषध दुसऱ्याही कुठल्या रिसेप्टरला चिकटत असेल, किंवा वाढलेला पदार्थ नुसता सोबत वाढला असेल. चारही एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा दावा उभा राहतो.

'एंडॉर्फिन वाढलं' म्हणण्याआधी

वर्तमानपत्रात वाचतो ना, 'व्यायामाने रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं म्हणून दुखणं पळतं'. यात एक गोम आहे. ताण आला की पिट्युटरी ग्रंथी बीटा-एंडॉर्फिन रक्तात सोडते हे खरंय. ताणाचं हॉर्मोन एसीटीएच आणि बीटा-एंडॉर्फिन हे दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे असल्याने ते जोडीने बाहेर पडतात. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो आणि बीटा-एंडॉर्फिन तो सहजासहजी ओलांडत नाही. त्यामुळे रक्तातला आकडा म्हणजे पीएजीतला आकडा नव्हे. मुलाखतीत हा प्रश्न मला विचारला गेला होता आणि मी चुकले होते. तुम्ही चुकू नका.

माणसांमध्ये काय दिसतं?

१९८१ मध्ये विलर आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना पायावर वेदनादायक शॉक येणार या अपेक्षेचा ताण पुन्हा पुन्हा दिला. पायाचा वेदना-प्रतिक्षेप सुरू व्हायला लागणारी पातळी हळूहळू वर गेली आणि नालोक्सोनने ती खाली आली. प्रतिक्षेप मोजल्यामुळे 'धीट दिसावं म्हणून लोक दुखत नाही म्हणाले' ही शंका बरीच कमी होते.

१९९० मध्ये पिटमन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांना युद्धाची दृश्यं दाखवली. ज्यांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार होता, त्यांनी उष्णतेची वेदना आधीपेक्षा ३० टक्के कमी नोंदवली. नालोक्सोन दिलेल्या दिवशी ही घट दिसली नाही. लढाई संपून कित्येक वर्षं झाली होती, तरी पडद्यावरच्या दृश्यांनी ती यंत्रणा जागी केली. मात्र प्रत्येक गटात आठच जण होते, हेही सांगायला विसरू नका.

मग आजीचे गुडघे?

आता मूळ प्रश्न. बोलेस आणि फॅन्सेलो यांनी १९८० मध्ये एक सरळ विचार मांडला. धोका समोर असताना जखम चाटत बसणारा प्राणी वाचत नाही, म्हणून भीती वेदनेला दाबते. धोका टळला की मात्र वेदना परत येते, कारण आता आराम करणं आणि जखमेला जपणं गरजेचं असतं. माझं मनगट रस्त्यावर नाही, कॅन्टीनमध्ये दुखलं, ते यात नीट बसतं.

पण आजीच्या टेन्शनमध्ये समोर ट्रक नाही. तिथे काळजी आहे, आणि ती रोजची आहे. २००० मध्ये रुडी आणि मीघर यांनी हा फरक माणसांत तपासला. ज्यांना खरोखर शॉक बसले, म्हणजे भीती अनुभवली, त्यांची वेदना सहन करण्याची पातळी वाढली. ज्यांना शॉक बसेल असं नुसतं सांगितलं, म्हणजे जे काळजीत बसून राहिले, त्यांची पातळी घसरली. (विलर यांच्या प्रयोगातही अपेक्षेचाच ताण होता, पण निकाल उलट. दोन्ही पेपर शेजारी ठेवून पद्धतीतले फरक शोधा, उत्तम सराव होतो.)

प्राण्यांतही बरेच दिवस चाललेल्या ताणानंतर वेदना वाढलेली दिसते. आणि गंमत म्हणजे रस्ता तोच: पीएजी आणि आरव्हीएम. फक्त आता पारडं ऑफ पेशींऐवजी ऑन पेशींकडे झुकतं. जी तार वेदना दाबते, तीच वेदना वाढवूही शकते. तेव्हा आजी बरोबर आहे आणि पुस्तकही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या ताणाबद्दल बोलतायत.

आणि माझा कंट्रोल ग्रुप

आता कबुली. पहिल्या वर्षी मला एका पदार्थाचा वेदनाशामक परिणाम बघायचा होता. शेपटीवर उष्णता टाकायची आणि उंदीर किती सेकंदांनी ती झटकतो ते मोजायचं, नेहमीची चाचणी. घाई होती. उंदीर आले आणि दुसऱ्याच दिवशी मी काम सुरू केलं. औषधाच्या गटाचे सेकंद छान वाढले. मी खूश. मग सलाइनच्या गटाची रीडिंग घेतली, तर तीही जवळपास तेवढीच वाढलेली!

मी आधी मशीनला दोष दिला, मग सलाइनच्या बाटलीला. मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "आल्यापासून या उंदरांना किती दिवस हातात घेतलंस?"

"एकही दिवस नाही."

"मग तू औषध नाही तपासलंस. तू स्वतःला तपासलंस."

अनोळखी हात, मान धरणं, नळीत कोंबणं, सुई टोचणं. उंदरासाठी ते रस्त्यावर स्कूटर घसरण्यासारखंच होतं. जी गोष्ट मी पुस्तकात वाचत होते, तीच माझ्या टेबलावर घडत होती आणि मला दिसली नाही. १२ उंदरांचा डेटा बाद झाला. नव्या प्राण्यांसाठी प्राणी-नीतिसमितीपुढे परत अर्ज, परत समर्थन, दोन महिने गेले. वेळेचं सोडा, ते १२ प्राणी माझ्या घाईमुळे वाया गेले, हे मला अजून टोचतं.

आपण एकटे नाही, हे नंतर कळलं. २०१४ मध्ये जेफ्री मोगिल यांच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि त्यांची वेदना कमी झालेली दिसते. स्त्रियांच्या टी-शर्टने तसं होत नाही. म्हणजे खोलीत कोण उभं आहे, हाही प्रयोगाचा भाग असतो.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत. प्रयोगाआधी आठवडाभर रोज प्राणी हाताळायचे आणि चाचणीच्या खोलीची सवय लावायची. सलाइन गटासोबत सुई न टोचलेला गटही ठेवायचा, म्हणजे सुईचा ताण वेगळा दिसतो. नालोक्सोन वापरणार असाल तर नुसत्या नालोक्सोनचा गट हवाच. कुठला प्राणी कुठल्या गटातला, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. आणि रीडिंग कोणी, किती वाजता घेतली, हे वहीत लिहायचं. साध्या गोष्टी आहेत, पण पेपर वाचताना 'पद्धती' हा भाग गाळून पुढे गेलं की याच निसटतात.

जाता जाता एक गोष्ट, जी थीसिसमध्ये येणार नाही. अपघातानंतर कोणी "मला काही झालं नाही, दुखत नाही" म्हणत उठून उभं राहिलं, तर लगेच विश्वास ठेवू नका. दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असं नसतं. त्याला बसवा, डॉक्टरांकडे न्या. आणि तीच व्यक्ती दोन तासांनी कळवळायला लागली, तर "मघाशी तर ठीक होतास, आता काय नाटक?" असं म्हणू नका. मघाशी त्याचा पीएजी काम करत होता, एवढंच.